रामा तांडेलाची खूण

वारोंडीच्या रामा तांडेलाला त्याच्या सुनेने, हेमालीने, मोबाईल शिकवला आणि ती घरादाराची शांतता घालवून बसली. सकाळी ओटीवर चहाचा कप घेऊन बसला की तो चष्मा नाकावर ओढायचा, गावाचा ग्रुप उघडायचा आणि मग आरडाओरडा सुरू. वरपासून खालपर्यंत एकच ओळ. ‘जीएम’. ‘जीएम’. ‘जीएम’.

“ह्यांच्या तोंडात काय बोंबील कोंबलेत काय?” तो आत ऐकू जाईल असं विचारायचा. “राम राम म्हन, सुप्रभात म्हन, नायतर गप बस. दोन अक्षरांची भीक कोनाला घालता?”

“बाबा, सगळेच असं लिवतात,” हेमाली चुलीपाशी बसून सांगायची.

“सगळे लिवतात म्हंजे सगळे आळशी!”

ज्या माणसाने चाळीसेक वर्षं समुद्रावर बोट हाकली, वादळात खलाशांना शिव्या घालून घालून घरी आणलं, त्याला आता ‘के’ या एका अक्षराने घाम फुटत होता. त्याने काही विचारलं की उत्तर ‘के’. मच्छीमार सोसायटीच्या डिझेलचा निरोप दिला तरी ‘के’. एकदा शेजारच्या धर्मेशचा वाढदिवस होता. हा धर्मेश बोईसरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. लहानपणी रामाच्याच ओटीवर हागला-मुतलेला पोरगा. ग्रुपवर सगळ्यांनी ‘एचबीडी’ टाकलं. रामाला ते बघवेना. त्याने एका बोटाने टाईप करत धर्मेशला भलामोठा आशीर्वाद लिहिला. त्यात धर्मेशच्या आज्याचं नाव होतं, त्याच्या बारशाला वाटलेल्या लाडवांची आठवण होती, आईला जप असंही होतं. लिहिता लिहिता आख्खी ओहोटी निघून गेली. उत्तर आलं ‘टीक्यू काका’. रामाने मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकला आणि दोन दिवस काढला नाही.

घरात हसू व्हायचं. पण हसता हसता मध्येच काशीबाई, रामाची बायको, गप्प व्हायची. कारण नवऱ्याच्या या रागाचं मूळ कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

त्यांचा थोरला मुलगा सुजीत समुद्रात गेला. जाळं सोडताना दोराचा वेढा पायात अडकला आणि जाळ्याच्या वजनाबरोबर तो सरळ खाली ओढला गेला. ओरडायलाही सापडलं नाही त्याला. धाकट्या मेहुलने, म्हणजे हेमालीच्या नवऱ्याने, तशीच उडी घेतली, खलाशांनी जाळं वर खेचलं. दोर आला, जाळं आलं, सुजीत आला नाही. पुढे किती दिवस गावच्या बोटी शोधत होत्या, किनाऱ्याकिनाऱ्याने माणसं एडवणपर्यंत चालत गेली. पण त्याला समुद्राने परत दिलंच नाही.

तेव्हा रामा मेहुलच्या मोबाईलवर कुणाचा काही निरोप आलाय का ते बघत होता. कुणीतरी ग्रुपवर सुजीतचा फोटो टाकला होता, गावदेवीच्या जत्रेतला, पांढऱ्या शर्टातला. आणि त्याखाली मुंग्यांसारखी रांग लागली होती. ‘आरआयपी’. ‘आरआयपी’. ‘आरआयपी’. रामा बोटाने ती रांग वर सरकवत राहिला. एकाने तरी त्याच्या पोराबद्दल एक धड वाक्य लिहिलं असेल, म्हणून. मध्येच एका पोराने कुणाला तरी वाढदिवसाचं ‘एचबीडी’ टाकलं होतं आणि त्याखाली पुन्हा ‘आरआयपी’. आता खरं सांगायचं तर ही तीन अक्षरं टाकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आपल्या पदरचं डिझेल जाळून सुजीतला शोधलं होतं. रामाला ते कळत होतं. तरी त्याला त्या अक्षरांची जी किळस बसली ती बसलीच.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र काशीबाईलाही नीट ठाऊक नव्हती. सुजीत पाण्याखाली गेला त्या क्षणी रामाने पहिल्यांदा पाण्याकडे पाहिलं नव्हतं. त्याने मान वर करून किनाऱ्याकडे पाहिलं होतं.

तांडेलाची ती सवयच. समुद्रात पाटी नसते, वाट नसते. जागा लक्षात ठेवायची तर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीमागे एक लागल्या का ते बघायचं. त्या दोन वस्तू धरल्या की पाण्यावर एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूच्या अशाच दोन वस्तू धरल्या की दुसरी रेघ. जिथे रेघा एकमेकींना कापतात ती तुमची जागा. याला ते खूण म्हणतात. रामाने त्या दिवशी बघितलं: उत्तरेला वीजकेंद्राची चिमणी गावदेवीच्या कळसामागे उभी, आणि दक्षिणेला काळदुर्गाच्या डोंगराचा चौकोनी माथा बरोबर वारोंडीच्या जुन्या बुरुजावर टेकलेला. एवढं त्याने बघून घेतलं आणि मगच तो ओरडला. तेवढ्याशा क्षणाने पुढे त्याला फार छळलं. बाप पोराचा हात धरायला धावतो, आणि हा डोंगर बघत बसला, असं त्याचं त्यालाच वाटायचं. पण त्या खुणेनेच त्याला पोराची जागाही दिली.

वारोंडीत एक रीत आहे. पितृपक्षात सगळ्यांचा घास कौलावर कावळ्याला ठेवतात, पण जो समुद्रात राहिला त्याचा घास कौलावर चालत नाही. तो जिथे राहिला तिथेच नेऊन सोडायचा. रामा दर वर्षी जात होता. चिमणी कळसामागे आली, काळदुर्ग बुरुजावर टेकला, की तो हात वर करायचा आणि मेहुल इंजिन बंद करायचा. पाणी चारी बाजूंना जसं असतं तसंच असायचं. पण रामाला मात्र वाटायचं की खाली कुणीतरी मान वर करून बोटीचा तळ बघतंय. त्या जागेवर त्याने पुन्हा कधी जाळं टाकलं नाही. मासळी तिथे चांगली लागायची, तरी नाही.

पहिल्याच वर्षी मेहुलने एक काम गुपचूप केलं. बोटीवर जीपीएसचं मशीन होतं, बटण दाबलं की ते जागा साठवून ठेवतं. घास सोडताना बापाची पाठ होती तेव्हा त्याने ती जागा साठवली. पुढे एकदा पापलेटच्या दिवसांत रामा मशीनच्या काचेत वाकून बघत होता, तर तिथे बारक्या अक्षरांत लिहिलेलं: आरआयपी.

बोटीवरच्या खलाशांनी तांडेलाला इतकं पेटलेलं कधी बघितलं नव्हतं. “माज्या पोराच्या जागेवर हे लिवलंस? हे?”

“बाबा, मशिनमदी लांब नाव मावत नाय.”

“पूस ते!”

“जागा ऱ्हाऊ द्या, नाव बदलतो.”

“पूस म्हनतो ना! माजा पोरगा मशिनमदी नाय. मला म्हायत हाय तो कुठं हाय. बुरूज हाय, डोंगर हाय, मला मशीन नको.” मेहुलने बापासमोर ती जागा पुसली. मशीनने विचारलं, खरंच पुसू का, आणि मेहुलने हो केलं.

बुरूज कुठे जाणार होता? पोर्तुगीजांच्या वेळेपासून तो गावाच्या दक्षिण टोकाला खडकावर उभा होता. त्याच्या सावलीत माणसं जाळी विणायची, पोरं लपंडाव खेळायची, दारू पिणारेही तिथेच बसायचे. गावाने त्याचं कौतुक असं कधी केलंच नाही. मग एक दिवस बातमी आली की त्या टोकावर मोठी जेट्टी होणार, तिथून हायवेपर्यंत रुंद रस्ता जाणार आणि बुरूज मध्ये येतोय.

रामाने पुन्हा मोबाईल हातात घेतला आणि ग्रुपवर लिहायला बसला. बुरूज किती जुना, तो कुणी बांधला, कोणकोणत्या लढाया त्याने बघितल्या, हा राष्ट्राचा वारसा आहे, तो गेला तर आपण कुणाला तोंड दाखवणार. हेमालीने शाळेच्या जुन्या पुस्तकातून त्याला मदत केली. संदेश एवढा लांब झाला की ‘अधिक वाचा’ दाबल्याशिवाय दिसेना. ते कुणी दाबलं कुणास ठाऊक. खाली आलं ‘के’, मग ‘टीक्यू’, मग दोन अंगठे, आणि मग दुसऱ्या दिवशीचं ‘जीएम’. एकाने मात्र ‘आरआयपी बुरूज’ लिहिलं आणि हसरा चेहरा टाकला. रामाने मोबाईल खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला. तो रडतोय हे हेमालीला मागून त्याच्या खांद्यांवरून कळलं.

पालघरला सुनावणी झाली. मांडवात खुर्च्या, पंखे, पाण्याच्या बाटल्या. प्रकल्पाचा माणूस सभ्य होता, रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो डीपीआर म्हणाला, एनओसी म्हणाला, आरओडब्ल्यू म्हणाला. रामाला वाटलं ग्रुपवरचीच पोरं मोठी होऊन कोट घालून इथे बसलीत. शेवटी त्याची पाळी आली. साहेबाने विचारलं, “काका, या बुरुजाचा तुम्हाला नेमका उपयोग काय? सांगा, आम्ही लिहून घेतो.”

इथे रामाने तोंड उघडायला हवं होतं. माझा मुलगा समुद्रात आहे आणि तो कुठे आहे हे मला या बुरुजामुळे कळतं, एवढंच सांगायचं होतं. मांडवातला एकही माणूस त्यावर हसला नसता. पण वारोंडीचा तांडेल आपली खूण कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला सांगत नाही, मरताना एका पोराला सांगितली तर सांगितली. खूण सांगितली की मासळीची जागा गेली, हे त्याच्या बापाने त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. समोर सगळ्या गावचे तांडेल बसले होते. मग तो पुस्तकातलंच बोलला. पोर्तुगीज म्हणाला, लढाया म्हणाला, “राष्ट्रीय वारसा जतन झाला पाहिजे” म्हणाला आणि बसला. टाळ्याही पडल्या.

साहेबाने ते लिहून घेतलं आणि, नवल बघा, मानलंसुद्धा. निर्णय आला की बुरूज पाडायचा नाही. प्रत्येक दगडावर रंगाने आकडा घालून तो सुटा करायचा आणि बोईसरच्या रस्त्याला नव्या बागेत जसाच्या तसा उभा करायचा. गाव खूष झालं. “काका, तुमच्यामुळे वाचला,” असं धर्मेशने आख्ख्या वाक्यात लिहिलं.

मेहुलला मात्र झोप लागेना. “बाबा,” त्याने एकदा भीतभीत विचारलं, “पावसाळ्यात बोटी वर काढायच्या आदी एकदा जाऊन येऊ काय? मशिनमदी घेतो जागा. नाव तुमी सांगाल ते.”

“बुरूज हलाचा नाय,” रामा म्हणाला. “सरकारची कामं अशीच असतात. दगड हलवायला धा वर्षं लागतील.”

त्यांना एक पावसाळा पुरला. बोटी बंद, सगळे किनाऱ्यावर बसलेले, आणि पावसाच्या उघडिपीत ट्रक येऊन दगड नेत होते. रामा रोज तिथे जाऊन उभा राहायचा. एकदा तो दगडावर हात ठेवून उभा होता तर मजूर म्हणाला, चाचा, हटो ज़रा. तो बाजूला झाला.

बाग झाली ती काशीबाईने पहिल्यांदा बघितली. ती सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला जाते. घरी येऊन म्हणाली, “बुरूज बगितला. लाल-हिरवे दिवे लावलेत. पोरी फोटो काढतात.” दुसऱ्या दिवशी रामा रिक्षाने गेला. दगड तेच होते, ज्या फटीत लहानपणी तो गळ लपवायचा ती फटसुद्धा तशीच होती. संगमरवरी पाटीवर कोरलेलं, राष्ट्रीय वारसा जतन. त्याचेच शब्द. तो बुरुजाला पाठ लावून उभा राहिला आणि काळदुर्ग शोधू लागला. समोर पत्र्याची गोदामं होती आणि त्यामागे धुराडी. शिफ्ट सुटलेला एक पोरगा जवळ येऊन म्हणाला, “चाचा, फोटो निकाल दूँ आपका?” रामाने मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, त्यालाही कळलं नाही. तो फोटो हेमालीच्या मोबाईलमध्ये अजून आहे. रामा त्यात हरवलेल्या माणसासारखा बघतोय.

पितृपक्ष आला. काशीबाईने भात रांधला, सुजीतला आवडायची तशी बोंबलाची चटणी केली आणि टोप फडक्यात बांधून आपणच किनाऱ्याकडे निघाली. “मी बी येतंय,” ती म्हणाली. बाई बोटीवर चढत नाही वारोंडीत. पण रामाला ‘नको’ म्हणायचं बळ उरलं नव्हतं. मेहुलने आईला हात दिला.

हवा स्वच्छ होती, काळदुर्ग हाताला लागेल असा दिसत होता. चिमणी हळूहळू सरकत कळसामागे आली, तशी रामाने मान दक्षिणेला वळवली. डोंगराखाली काहीच नव्हतं. आभाळ होतं, आणि जेट्टीवरची एक पिवळी क्रेन, तीही हलत होती. त्याने बोट पुढे घ्यायला लावली. मग मागे. शिसं बांधलेला दोर सोडून पाण्याची खोली बघितली. चिखल सगळीकडे तोच, खोली सगळीकडे तीच. किती वेळ लागायचा त्याचा अंदाज होता, पण पाण्याची ओढ आणि वारा अंदाजाला कुठे ठेवतात? त्याला आता ते खालून वर बघणारं माणूस आठवलं आणि पहिल्यांदाच भीती वाटली. आधी ते एका जागी होतं. आता बोट जिथे जाईल तिथे तळाखाली होतं.

“हितं,” रामा म्हणाला आणि हात वर केला.

मेहुलने इंजिन बंद केलं. काशीबाईने फडकं सोडलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. “नक्की हितंच?”

रामा एकदम मेहुलवर उसळला. “मशिनमदी सुजीत लिवायचा होतास! केवढंसं नाव ते! ते लिवलं असतंस तर मी पुसायला लावलं असतं काय?”

मेहुलने मशीनवर हात ठेवला. “लिवलेलं बाबा. पयलं तेच लिवलेलं. मग रोज जाळं टाकायला जाताना ते नाव काचेवर दिसायचं. बोट जवळ गेली की मशीन वाजायचं आनि मला ऐकू यायचं, सुजीत, सुजीत. मला बोट चालवता येत नव्हती. म्हनून बदललं. आरआयपी लिवलं की दादाचं वाटत नव्हतं.”

बोट नुसती डोलत होती. ग्रुपवरची ती लांब रांग रामाच्या डोळ्यांपुढून गेली आणि त्यातल्या एकेकाचा चेहरा त्याला दिसला. त्या चेहऱ्यांवर रागावणं त्याला आता जमेना, आणि राग गेल्यावर धरायला काहीच राहिलं नाही. तो फळीवर बसला आणि जे आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याने बायकोला बोटाने दाखवून सांगितलं. “ती चिमनी बग. तो कळस. ते दोन एकामागं लागले की ही रेघ. तो ह्या रेघेत हाय, तेवडं नक्की. कुठं, ते बुरूज सांगायचा. आता मला नाय म्हायत, काशी. कदी कळनार बी नाय.”

तिने रडारड केली नाही. रेघ कुठून कुठे जाते ते तिने नीट विचारून घेतलं. मग मेहुलला म्हणाली, “चालव. हळू चालव. चिमनी कळसावरनं हलू देऊ नको.”

ती बोटीच्या कडेला बसली, टोप मांडीवर घेतला आणि चिमटीने भात पाण्यात सोडू लागली. पहिल्यांदा घास मोठे होते. थोड्या वेळाने तिने टोपात बघितलं आणि घास लहान केले. मग बोटांच्या टोकांनी, मग चारचार शितं. रामा कळसावर डोळे लावून बसला होता आणि मेहुलला हाताने सांगत होता, थोडं डावीकडे, आता सरळ. मागे वळून बघायची त्याची छाती होत नव्हती. टोपाच्या बुडाला बोट घासल्याचा आवाज त्याला ऐकू आला, पुन्हा एकदा आला, आणि मग आला नाही. पुढे पाणी होतं तेवढंच होतं. मेहुलने बोट थांबवली नाही, आणि त्याला थांबव असं कुणी म्हणालंही नाही.

“एका मानसापुरताच रांधलेला मी,” काशीबाई म्हणाली.